मौजे मजकूर कोठे आहे?

कोणत्याही विद्येच्या दारात सर्वांत उपेक्षित काही असेल तर तो नवशिक्याचा पहिला प्रश्न. पंडितांच्या शंकांना सभेत आसन मिळते, त्यांच्यावर टिपा लिहिल्या जातात, खंडनमंडन होते. परंतु ज्याला आपली शंका नीट मांडताही येत नाही, ज्याच्या बोलण्यात अडचण एकीकडे राहते आणि क्षमायाचनाच अधिक होते, त्याच्याकडे जाणता माणूस बहुधा चष्म्याच्या वरून पाहतो आणि ‘आधी थोडे वाचून या’ असे सांगून त्याला वाटेला लावतो. महसूल खात्याच्या अभिलेखकक्षात, म्हणजे जुन्या भाषेत दफ्तरखान्यात, माझी सारी नोकरी गेली. मोडी कागद काढणे, लावणे, त्यांच्या नकला देणे आणि आलेल्या माणसाला त्यांतला मजकूर उकलून सांगणे, हे माझे नेमणुकीचे काम होते. निवृत्तीनंतर नेमणूक सुटली, काम सुटले नाही. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, मोडीसारख्या, शाळेचा आधार तुटलेल्या विद्येचे आयुष्य तिच्यातील दहा-पाच धुरंधरांच्या व्यासंगावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते नवख्या माणसाच्या बाळबोध प्रश्नाला पहिल्या दिवशी कसे उत्तर मिळते यावर अवलंबून असते.

मोडीची स्थिती काय आहे हे आधी सांगितले पाहिजे. शिवकालाच्या आधीपासून तो इंग्रजी अमलाच्या अखेरपर्यंत, पाटलाच्या चावडीवरील वसुलापासून पेशव्यांच्या फडापर्यंत, मराठी मुलखाचा बहुतेक कारभार या लिपीत चालला. छापखाने आले तेव्हा छपाईला देवनागरी सोयीची ठरली, मोडी हातातल्या लेखणीपुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती शाळांतूनही गेली. लिपी गेली, कागद मात्र राहिले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, ज्याची इमारत १८९१ साली उभी राहिली, फडक्यात बांधलेले सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून वेचून ४५ खंड प्रसिद्ध केले, तरी एकूण साठ्याच्या मानाने ती वेचणी ओंजळभरच ठरते. कोल्हापूरचे दफ्तर वेगळे, मुंबईचे वेगळे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तेथील भोसले राजांच्या कारभाराचे मोडी कागद आहेत, ते तर मराठी मुलखापासून दूर, तमिळ प्रदेशात. आणि या सर्वांखेरीज घरोघरच्या माळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांत, देवघराच्या फडताळात जे पडले आहे त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, त्यामुळे संगणकावर ती उमटविण्याची सोय झाली. परंतु उमटविणे निराळे आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने घाईघाईने ओढलेले वळण ओळखणे निराळे.

दफ्तरखान्यात येणारा माणूस इतिहासाचा अभ्यासक क्वचितच असे. बहुतेक जण वारस असत. कोणाची वाटणी अडलेली, कोणाच्या देवस्थानच्या इनामाचा वाद, कोणाला आपल्या घराण्याकडे पाटीलकीचे वतन होते असे आजीकडून ऐकल्याचे आठवते, एवढाच धागा. पुढे २०२३ साली शासनाने जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. जन्ममृत्यूची नोंद ठेवणारा गाव नमुना १४, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात, आणि जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, ज्यांच्याकडे तोवर कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, ती कपाटांतून बाहेर निघाली. ज्यांनी मोडीचे नावही ऐकले नव्हते अशी माणसे पणजोबाच्या नावापुढचे एक आखूड अक्षर बोटाने दाखवून विचारू लागली, ‘साहेब, हे ‘कु’ आहे का?’ या नोंदींमागच्या राजकारणात मला शिरायचे नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, मोडीच्या दाराशी इतके नवशिके मी कधी उभे राहिलेले पाहिले नव्हते, आणि त्यांना सामोरे जाण्याची तयारी आम्हा जाणत्यांपैकी फार थोड्यांची होती.

ही तयारी का नव्हती, याचा विचार करताना जाणत्यांवर सरसकट दोषारोप करणे मला न्याय्य वाटत नाही. मोडी वाचून देणे हा काहींचा चरितार्थ आहे. अक्षर ओळखण्यासाठी त्यांनी डोळ्यांचे पाणी केले, वर्षानुवर्षे धूळ खाल्ली, आणि त्या श्रमाचे त्यांनी दाम मागितले तर त्यात गैर काही नाही. शिवाय एकच प्रश्न दिवसभर निरनिराळ्या तोंडांनी ऐकल्यावर स्वभावाने सौम्य असलेला मनुष्यही चिडतो. परंतु याहून निराळी एक वृत्ती असते, आणि तिचे नाव कंटाळा नव्हे. आपल्याला जे सायासाने मिळाले ते दुसऱ्याला सहज मिळू नये, अशी ती सुप्त इच्छा असते. ‘आम्हांला कोणी सांगितले होते?’ हे तिचे ब्रीदवाक्य. माझ्या उमेदवारीच्या काळात असे एक विद्वान गृहस्थ मी पाहिले, की ज्यांच्या हाताखालून उत्तमोत्तम कागद गेले, परंतु ज्यांच्या हाताखालून एकही वाचक तयार झाला नाही. ते गेले तेव्हा त्यांची टिपणे कोणाला लागेनात, कारण त्यांतील संक्षेपचिन्हेही त्यांच्या खाजगी मालकीची होती.

माझे भाग्य असे की मला मोडी शिकविणारे अण्णा या जातीचे नव्हते. अण्णा आमच्या दफ्तरखान्यातले जुने कारकून. शिक्षण बेताचे, हस्ताक्षर मात्र असे की पाहत राहावे. त्यांची रीत अशी की, शिकाऊ माणसाने कागद पुढे केला आणि ‘हे काय लिहिले आहे?’ असे विचारले की ते कागदातला मजकूर कधीही सांगत नसत, आणि प्रश्न टाळीतही नसत. ते विचारीत, ‘तुला यातले काय ओळखू येते?’ समोरचा ओशाळून म्हणे, ‘वरचा श्री.’ ‘मग झाले की!’ अण्णा म्हणत, ‘श्रीच्या खाली मायना असणार. मायना सगळ्यांचा सारखा. त्यात राजश्री असेल, गोसावी असेल, दंडवत किंवा नमस्कार विनंती उपरी असेल. ते शोध. खाली ये, तिथे बहुत काय लिहिणे, हे विनंती, नाहीतर मोर्तब सूद असेल. तेही शोध. कागद दोन्ही टोकांनी उघडत आणायचा, मधले मग आपोआप सैल होते.’

या रीतीत किती शहाणपण होते हे मला फार नंतर, स्वतः शिकवू लागल्यावर समजले. मोडीत लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घेई आणि तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे गुंफीत जाई. शब्द कोठे संपला हे दाखविण्याची चाल नव्हती, विरामचिन्हे नव्हती, ऱ्हस्वदीर्घाचा भेद लिपीने मानलेला नव्हता, आणि अनुस्वार द्यावा की न द्यावा हे लिहिणाऱ्याच्या लहरीवर होते. सुत आणि सूत, दिन आणि दीन, यांतले कोणते हे अक्षर सांगत नाही, संदर्भ सांगतो. अशा लिखाणाच्या मध्यावर नवख्याला एकदम सोडून दिले तर तो गुदमरतो. परंतु मायना आणि समाप्ती ही ठरीव असल्यामुळे तेथे त्याला अक्षराचा अंदाज शब्दावरून आणि शब्दाचा अंदाज स्थानावरून बांधता येतो. एका मायन्यातून वर्णमालेचा चांगला मोठा भाग हाती लागतो, आणि तोही त्याच विशिष्ट लेखकाच्या वळणाचा, जे कोणत्याही छापील तक्त्यात मिळणार नसते. अण्णा कागदाचा अर्थ देत नसत, तो कोठून धरावा हे देत असत. आणि तेवढ्यासाठी त्यांना विचारणाऱ्याच्या अज्ञानात स्वतः उतरून, त्याला काय दिसते आहे आणि काय दिसत नाही, हे पाहावे लागे. तज्ज्ञ मंडळींना नेमके हेच जड जाते. ज्याला ‘राजश्री’ एका दृष्टिक्षेपात दिसते, त्याला त्याच जागी चार गाठी आणि एक लोंबती शेपटी दिसत असलेल्या माणसाची कल्पना करता येत नाही.

आता ज्या प्रश्नाचे नाव मी या लेखाला दिले आहे त्याची हकीकत सांगतो. पुण्यात संगणकाच्या व्यवसायात असलेला एक तरुण एकदा आजोबांच्या पेटीतला कागद घेऊन आला. त्याने बाजारात मिळणारा अक्षरांचा तक्ता पुढे ठेवून, रात्री जागून, स्वतःच्या बळावर तो कागद बराचसा लावला होता. आमच्याकडे येण्याचे कारण एवढेच की, कागदात उल्लेखिलेले ‘मौजे मजकूर’ हे गाव त्याला नकाशात सापडत नव्हते. ‘काका, मजकूर हे गाव आता कुठल्या तालुक्यात येतं? की धरणात गेलं?’ असे त्याने विचारले. त्या वेळी खोलीत एक अनुभवी मोडीवाचक बसले होते. ते इतके मोठ्याने हसले की शिपाई आत डोकावला. तो तरुण कानापर्यंत लाल झाला आणि कागद गुंडाळू लागला.

त्याला थांबवून मी बसविले, कारण त्याच्या प्रश्नात जे होते ते हसणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते. ‘मजकूर’ हा शब्द त्याने अक्षरशः बिनचूक वाचला होता. म, ज, कू, र, ही चारही अक्षरे, तीही पेशवाईतल्या जलद वळणाची, त्याने कोणाच्या मदतीशिवाय ओळखली होती. त्याची अडचण लिपीची नव्हतीच; ती दफ्तरी भाषेच्या संकेताची होती, आणि तो संकेत कोणत्याही तक्त्यात छापलेला नसतो. मौजे मजकूर म्हणजे वर सांगितलेले गाव, एवढाच त्याचा अर्थ. मी त्याला म्हणालो, ‘या शब्दाच्या वर चढत जा, जिथे पहिल्यांदा मौजे आले असेल तिथे गावाचे खरे नाव असेल.’ तिसऱ्या ओळीवर त्याचे बोट थांबले आणि त्याने स्वतःच्याच गावाचे नाव वाचले. मग ‘सन मजकूर’ आणि ‘परगणे मजकूर’ ही त्याची त्यानेच सोडविली. त्याच कागदात ‘रामजी बिन मालोजी’ असे नाव होते आणि त्याने भीतभीत विचारले की मालोजीवाचूनचा रामजी असा याचा काही अर्थ होतो का. होत नाही, बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, ही अरबीतून आलेली लकब. हा प्रश्नही हसण्यासारखा वाटेल. पण मराठी मनुष्याने बिन म्हणजे वाचून असे समजावे यात त्याच्या मराठीचा दोष नाही.

मला जे सांगायचे आहे ते हे. नवशिक्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तो प्रश्न वाचावा लागतो, आणि तो वाचण्याची कला कागद वाचण्याच्या कलेहून फार निराळी नाही. प्रश्नाच्या रूपावरून विचारणारा कोठवर आला आहे, कोणत्या पायरीवर अडला आहे, हे कळते. ‘हे अक्षर कोणते?’ असे विचारणारा आणि ‘हे गाव कोठे आहे?’ असे विचारणारा, दोघेही नवखे. पण पहिल्याला वळण दाखवावे लागते आणि दुसऱ्याला कारभार. दोघांना एकच पुस्तक वाचायला सांगणे म्हणजे वैद्याने नाडी न पाहता सर्वांना एकच मात्रा देणे होय.

हिशेबी कागदांवरील प्रश्न फारच ठरावीक असतात, त्यांचा विस्तार नको. रकमेपुढचे उभे दंड म्हणजे पूर्णविराम नव्हेत. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, दोनांपुढे आणखी एक म्हणजे पाऊण, म्हणून ५॥। हे पावणेसहा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्यानंतर वाढलेल्या माणसाला सोळा आण्यांचा रुपया हा ऐकीव कथेसारखा असतो, मग वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर त्याला कोठून ठाऊक असणार? हे एकदा सांगितले की संपते.

परंतु काही प्रश्न असे असतात की ते विचारणाऱ्याला बाळबोध वाटतात आणि उत्तर देणाऱ्याला मात्र खोल पाण्यात नेतात. शेतकी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आमच्या रविवारच्या वर्गाला येत असे. त्या दिवशी मी सुहूर सन समजावून सांगत होतो. पेशवाईच्या कागदांवर वर्ष आकड्यांत न देता अरबी संख्यावाचकांनी देण्याची चाल होती, तीही उलट क्रमाने, आधी एकम्, मग दशक, मग शतक आणि शेवटी सहस्र. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. या सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो. म्हणून पानिपतच्या मोहिमेचे हे साल, आणि १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई याच सनात पडते. हा हिशेब मोडीवाचकाच्या जिभेवर असतो. वर्गाने तो वहीत उतरवून घेतला. ती मुलगी मात्र लेखणी खाली ठेवून म्हणाली, ‘पण काका, अरबी नावं असलेलं वर्ष मृगाला कसं काय सुरू होतं? मृग तर आपला.’

वर्गात दोघेतिघे हसले. मला हसू आले नाही, कारण हा प्रश्न मी कधी कोणाला विचारलेला नव्हता आणि मलाही कोणी विचारला नव्हता. बेरीज येत असली म्हणजे कारण लागत नाही. ‘पुढच्या रविवारी सांगतो’ असे तिला सांगून मी जंत्र्या आणि कोष्टके काढून बसलो आणि आकडे मांडीत गेलो. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी आखूड. त्यामुळे त्याचे महिने ऋतूंतून मागे मागे सरकत जातात. पेरणी मृगावर आणि वसूल सुगीवर अवलंबून असलेल्या राज्याला अशा सालाने सारा वसूल करणे शक्य नाही. रयतेला दर तेहेतीस वर्षांत एक साल जादा भरावे लागेल. म्हणून हिजरी सनाचा आकडा घ्यावा, त्याची अरबी नावे ठेवावीत, परंतु वर्ष मात्र शेतीचे, मृगापासून मृगापर्यंतचे करावे, अशी ही तडजोड. मागे मोजीत गेले की इसवी सन १३४४ मध्ये हिजरी आणि सुहूर या दोहोंचा आकडा एकच, ७४५, असा येतो. म्हणजे दक्षिणेत दिल्लीच्या तुघलकांचा अंमल होता त्या काळी या दोन वाटा फुटल्या. पानिपतच्या वेळी हिजरी ११७४ चालू होते आणि सुहूर ११६१. चारशेसतरा वर्षांत तेरा वर्षांचे अंतर पडले होते, आणि अकरा दिवसांच्या फरकाने ते तितकेच पडायला हवे. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा त्या मुलीला समाधान वाटले की नाही हे मला ठाऊक नाही; मला मात्र वाटले. विद्वानांनी हे सारे पूर्वीच लिहून ठेवलेले आहे, त्यात माझा शोध काही नाही. परंतु सूत्राच्या मागे शेतकऱ्याच्या पाठीवरचा सारा उभा आहे हे मला एका शेतकी शिकणाऱ्या मुलीने विचारल्यामुळे दिसले, एखाद्या इतिहासज्ञाने विचारल्यामुळे नव्हे. कारण इतिहासज्ञाने ते विचारलेच नसते.

दफ्तरातल्या माणसाला प्रत्येक गोष्टीची नोंद करण्याची खोड असते. मी एक शंकावही ठेवू लागलो. कोणी काय विचारले, कोणत्या कागदावरून विचारले आणि काय उत्तर दिले, एवढेच तीत टिपायचे, नावे नाहीत. पुढे लोक भ्रमणध्वनीवर कागदाची छायाचित्रे पाठवू लागले, त्यांत परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांतूनही येऊ लागली, तेव्हाही तोच क्रम चालू ठेवला. काही काळाने ती वही चाळताना ध्यानात आले की, लोक ज्या ठिकाणी अडतात ती ठिकाणे आणि आम्ही वर्गात ज्यांवर वेळ घालवितो ती ठिकाणे यांचा मेळच नाही. आम्ही बाराखडी घोटून घेत होतो. लोक शब्द कोठे तोडावा येथे अडत होते. आम्ही जोडाक्षरांचे प्रकार सांगत होतो. लोकांना ‘पैकी’, ‘तर्फ’, ‘मजकूर’, ‘बिन’ यांचा उलगडा हवा होता. शिकविण्याचा क्रम त्या वहीने बदलविला. पहिल्याच दिवशी अखंड पत्र हातात द्यायचे, मायन्यापासून सुरुवात करायची, आणि बाराखडी अडेल तशी शिकवायची, असा अण्णांचाच जुना पाठ मी पुन्हा लावला. पुस्तके लिहिणाऱ्यांनी अशी एखादी वही आधी ठेवावी, असे मला फार वाटते. मोडीवरील कित्येक पुस्तके लेखकाला काय येते ते सांगतात, वाचकाला काय येत नाही त्याची त्यांना खबर नसते.

वहीतून आणखी एक गोष्ट दिसली. एकाने चारचौघांत प्रश्न विचारला की, ज्यांनी विचारला नाही अशांचाही तो सुटत असतो. मागच्या बाकावर तीच शंका उरात धरून बसलेला, पण तोंड उघडण्याचे धैर्य नसलेला एखादा असतोच, आणि बहुधा तो गावाकडून आलेला, मराठी चौथी-सातवी शिकलेला वयस्क माणूस असतो, ज्याला शहरातल्या मुलांपुढे आपले अज्ञान दाखविणे जिवावर येते. म्हणून खाजगीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही, विचारणाऱ्याचे नाव न घेता, मी वर्गात देत असे. त्याहून नवल असे की, अनेकदा माझ्या उत्तरापेक्षा सहा महिन्यांपूर्वी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर अधिक लागू पडे. त्याला स्वतःचे अडखळणे ताजे आठवत असते. ‘मलाही आधी ते तसंच दिसायचं, ही शेपटी सोडून दे, ती पुढच्या अक्षराची आहे’ असे तो म्हणतो, आणि ‘शेपटी पुढच्या अक्षराची’ हे वाक्य मला सुचलेच नसते. तेव्हापासून सोप्या शंका मी मुद्दाम नव्यांकडे सोपवू लागलो. उत्तर द्यायला बसला की मनुष्य आपलाही पाया तपासून घेतो, हा त्यातला आणखी लाभ.

याचा अर्थ येणारा प्रत्येक प्रश्न निष्पाप असतो असे मुळीच नाही. ‘उद्या कोर्टात तारीख आहे, आज रात्री वाचून द्या’ असे सांगणारे असतात. कागदाचा अर्धा भाग झाकून, आपल्याला हवी ती ओळ तेवढी वाचवून घेणारे असतात, आणि झाकलेल्या भागात काय असते हे न पाहताही सांगता येते. अशांना मी नम्रपणे, पण स्पष्टपणे नकार देतो. कागद पुरता दाखविला नाही तर वाचायचा नाही, आणि वाचला तरी जमीन कोणाची होते याविषयी मत द्यायचे नाही, हे दोन दंडक मी मोडलेले नाहीत. एक वृद्ध शेतकरी, आपल्या खापरपणजोबाला मिळालेली इनामाची सनद म्हणून जिवापाड जपलेला कागद घेऊन आले होते. भाऊबंदांत त्या कागदाचा मोठा दरारा होता. तो कर्जरोखा होता. दुष्काळी सालात सावकाराकडून घेतलेले धान्य आणि त्यापोटी गहाण लिहून दिलेले शेत. ‘बाबा, ही सनद नाही’ हे सांगताना माझी जीभ जड झाली. ते बराच वेळ बसून राहिले, मग म्हणाले, ‘नीट बघितलं न्हवं तुमी?’ मी त्यांच्यासमोर पुन्हा पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, एकेक शब्द वाचला आणि त्यांनाही ‘कर्ज’ हा शब्द त्या कागदात तीन ठिकाणी दाखविला. ते उठून गेले आणि पुन्हा आले नाहीत. गोड बोलून त्यांची आशा राखता आली असती, असे माझे एक सहकारी म्हणाले. मला ते पटत नाही. विचारणाऱ्याचा मान त्याच्या मनासारखे उत्तर देण्यात नसून, ते कोठून आले हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू देण्यात आहे.

आणि ज्याला उत्तर मिळत नाही त्याचे काय होते, हेही मी पाहिले आहे. तो वाद घालीत नाही, तक्रार करीत नाही. तो घरी जातो आणि पेटी पुन्हा माळ्यावर ठेवतो. पुढची पिढी घर पाडते, पेटी रद्दीवाल्याकडे जाते, किंवा ‘कोणाला वाचता येत नाही’ म्हणून कागद नदीत सोडले जातात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावोगाव पायपीट करून, लोकांची मनधरणी करून दफ्तरे मिळविली; आज लोक आपण होऊन कागद घेऊन दाराशी येतात, आणि आपण त्यांना हसतो.

म्हणून दोन विनंत्या. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी ते चिकटपट्टी न लावता, घडी सरळ करून, सपाट जागेवर सावली न पडेल असे ठेवावे, दोन्ही बाजूंची पूर्ण छायाचित्रे घ्यावीत, आणि प्रश्न कितीही किरकोळ वाटला तरी विचारावा; पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग भरविते, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतरही काही संस्था शिकवितात. आणि ज्यांना मोडी येते त्यांनी आठवड्यातला एखादा तास अगदी नवख्यांसाठी राखून ठेवावा, उत्तरे लिहून ठेवावीत, आणि ‘मौजे मजकूर कोठे आहे?’ असे कोणी विचारलेच, तर वरच्या ओळीत पाहा, असे त्याला सांगावे.